ट्रक कॅम्परची फर्नेस पहाटे बंद पडते: फर्नेस खोलण्याआधी व्होल्ट मोजा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवलेली छोटी खोली, आणि फर्नेस म्हणजे तिच्यातला गॅसवर चालणारा हीटर. तो बंद पडण्याची लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. घरून निघाल्यावर पहिली रात्र मजेत जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री संध्याकाळी फर्नेस नीट पेटते, कॅम्पर उबदार होतो, जेवणं होतात, मुलं केबिनवरच्या बेडवर झोपतात. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला थंडीनं जाग येते. फर्नेसचा पंखा फिरतोय, पण आवाज जड आणि संथ, आणि जाळीतून येणारी हवा गार. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा लावला तरी तेच. थोड्या वेळानं जमिनीलगतचा गॅस अलार्म टुकटुक करायला लागतो. सकाळी तासभर ट्रक चालवला की फर्नेस पुन्हा शहाण्यासारखी पेटते. दुरुस्तीवाल्याकडे नेली तर तिथेही पेटते, कारण तिथे कॅम्पर भिंतीतल्या विजेला जोडलेला असतो. पुढच्या सहलीत हाच प्रकार परत.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हा त्रास मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला आणि ऑक्टोबरात जास्त गाठतो. युटामधल्या ब्राइस कॅन्यनचा कडा ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. मेअखेरीस तिथे दिवसा हाफ शर्टात फिरता येतं आणि रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. यलोस्टोनचंही तसंच. त्यात पुण्या-नाशकाहून आई-बाबा आलेले असतात, त्यांनाही हौसेनं बरोबर नेलेलं असतं, आणि नेमकी त्यांच्यासमोर फर्नेस मान टाकते.

माझं मत स्पष्ट आहे: अशा दहापैकी बहुतेक वेळा फर्नेस निर्दोष असते. कॅम्परची बॅटरी उपाशी असते, आणि ती उपाशी असते कारण ट्रक तिला चार्ज करतोय हा आपला समज चुकीचा असतो. तरी दुरुस्तीकडे वळण्याआधी जिवाचं बोलू.

फर्नेस बंद पडलेल्या रात्री काय करायचं नाही

थंडीनं कुडकुडताना हात आपोआप शेगडीकडे जातो. कृपा करून ऊब मिळवण्यासाठी शेगडी किंवा ओव्हन पेटवू नका. पाच मिनिटांसाठीही नको, कारण ती पाच मिनिटं डोळा लागला की तासभर होतात. फर्नेसची ज्योत बंद पेटीत जळते, बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते. शेगडी मात्र तुम्ही श्वासात घेता तीच हवा खाते. कॅम्परची जागा केवढीशी, त्यात चार माणसं, छताच्या झरोक्यात गारवा नको म्हणून उशी कोंबलेली, खिडक्यांना फॉइल. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि ८,००० फुटांवर ही लक्षणं विरळ हवेनंही येतात. "उंचीमुळे होतंय, झोपल्यावर बरं वाटेल" असं म्हणून माणूस पुन्हा आडवा होतो. धोका नेमका इथे आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. कॅम्परमध्ये बसवलेला गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बहुतेक वेळा कॅम्परच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. म्हणजे ज्या बॅटरीनं फर्नेस बंद पाडली, ती आणखी उतरली की अलार्मही मुका होतो. माणसं शेगडी पेटवतात तीही नेमकी त्याच वेळी. म्हणून स्वतःच्या सेलवर चालणारा एक वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. अलार्मच्या पाठीवर छापलेली मुदत बघा; पाच ते दहा वर्षांत, मॉडेलनुसार, तो बदलावा लागतो. शिवाय तो थोड्या वायूला लगेच ओरडत नाही. अमेरिकेच्या यूएल २०३४ मानकानुसार तो ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. अलार्म शांत आहे म्हणून शेगडी चालवायला हरकत नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

बॅटरी उतरल्यावर टुकटुकणारा गॅस अलार्म वैतागून काढून ठेवणारेही पाहिले आहेत. तसं करू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तो अलार्म खाली बसवलेला असतो. टुकटुक व्होल्ट कमी झाल्याची असेल, पण ती गळतीची नाही हे आधी ठरवा. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना बाहेर काढा आणि सिलिंडर बाहेरून बंद करा.

मग त्या रात्री करायचं काय? थर्मोस्टॅट बंद करा, नाहीतर पंखा उरलीसुरली बॅटरीही संपवेल. असतील तेवढ्या रजया, टोप्या, मोजे घाला. लहान मूल किंवा वयस्कर माणूस गारठत असेल तर वाट बघत बसू नका. कॅम्पर ट्रकवरच आहे, हा या वाहनाचा सर्वांत मोठा फायदा. कॅम्पर उचलणारे जॅक वर आहेत ना, पायऱ्या आत आहेत ना, कॅम्परला ट्रकशी ताणून धरणारे टर्नबकल घट्ट आहेत ना हे टॉर्चनं बघा, सगळ्यांना ट्रकच्या केबिनमध्ये पट्टे लावून बसवा, हीटर लावा आणि खालच्या गावाकडे निघा. माणसं कॅम्परमध्ये झोपलेली ठेवून नुसतं इंजिन चालू करून ठेवणं मात्र वाईट. बऱ्याच कॅम्परचा मागचा भाग ट्रकच्या मागच्या बंपरच्या बाहेर येतो आणि ट्रकचा सायलेन्सर कॅम्परच्या पोटाखालीच धूर सोडतो. सायलेन्सरचं तोंड कॅम्परच्या कडेबाहेर वाढवून घेणं हे कॅम्पर घेतल्याबरोबर करायचं काम आहे.

फर्नेस पेटते कशी, आणि कुठे अडते

थर्मोस्टॅटनं मागणी केली की आधी पंखा सुरू होतो. पंख्याचा झोत पुरेसा जोरदार असेल तर तो एका पातळ पात्याला ढकलतो आणि एका छोट्या स्विचचं सर्किट जुळतं. याला सेल स्विच म्हणतात; इथे सेल म्हणजे जहाजाचं शीड. हवा खेळतेय याची त्यानं ग्वाही दिल्याशिवाय कंट्रोल बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. पात्यानं होकार दिला, जास्त तापल्यावर तोडणारा लिमिट स्विचही ठीक असला, की पंधरा-वीस सेकंदांनी व्हॉल्व्ह उघडल्याचा टक् आवाज येतो, ठिणगी पडते आणि भस्सदिशी ज्योत धरते. ज्योत जाणवली नाही तर बोर्ड साधारण तीनदा प्रयत्न करून थांबतो.

या फर्नेसना निदान साडेदहा व्होल्ट लागतात, आणि हा आकडा फर्नेसच्या टोकांवरचा आहे, बॅटरीवरचा नाही. त्याच्या आसपास व्होल्ट घसरले की पंखा फिरतो, पण पात्याला ढकलेल इतका जोर त्याच्यात राहत नाही. गॅस उघडत नाही. बाहेर येते ती गार हवा. म्हणजे फर्नेस बिघडलेली नसते, ती सुरक्षितपणे नकार देत असते.

म्हणून कानानं ऐका. पंखा संथ आणि टक् नाही, ठिणगी नाही: संशय विजेवर. पंखा जोरात, ठिणगीही ऐकू येते, पण ज्योत नाही: संशय गॅसवर. ज्योत धरते आणि काही सेकंदांत जाते: ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड, त्याची अर्थिंग किंवा गॅसचा दाब. पंखा मुळीच फिरत नाही: फ्यूज, थर्मोस्टॅट किंवा पूर्ण झोपलेली बॅटरी. पंखा जोरात फिरूनही टक् येत नसेल तर सेल स्विचवर धूळ, केस, कुत्र्याची लव अडकलेली असू शकते. हवा आत घेणारी जाळी सामानानं झाकलेली नाही ना तेही बघा. आपल्या कॅम्परांत त्या जाळीसमोर हमखास चपला आणि पाण्याच्या बाटल्यांचं खोकं असतं.

मल्टिमीटरनं तीन वाचनं

साधा मल्टिमीटर पुरतो. पहिलं वाचन रात्री झोपताना, फर्नेसचा पंखा चालू असताना, थेट बॅटरीच्या टोकांवर. दुसरं लगेच फर्नेसच्या वायर जोडल्या आहेत तिथे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधल्या जोडण्यांमध्ये गंज आहे किंवा वायर बारीक आहे. सगळ्यात आधी निगेटिव्हच्या जोडण्या उघडून घासा, कारण दोष बहुधा तिथेच असतो आणि तिथे कुणी बघत नाही.

तिसरं वाचन पहाटे, सगळं बंद करून थोडा वेळ बॅटरी शांत ठेवल्यावर. लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे पावच्या आसपास. निम्म्याच्या खाली वारंवार गेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

आता खर्च मांडू. छोट्या कॅम्परमधली १६,००० ते २०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस पंख्याला साधारण ३ अँपिअर घेते. नेमका आकडा तिच्या पट्टीवर छापलेला असतो. दहा तासांची थंड रात्र, त्यात निम्मा वेळ पंखा चालू, म्हणजे १५ अँपिअर-तास. अलार्म, फ्रिजचा बोर्ड, रेडिओचं घड्याळ मिळून अर्धा अँपिअर सतत धरला तर दिवसाला आणखी १२. दिवे आणि पाण्याचा पंप वेगळे. ग्रुप २४ या आकाराची एक बॅटरी ७५ ते ८० अँपिअर-तासांची, तिच्यातली वापरण्याजोगी निम्मी म्हणजे चाळीसएक, आणि थंडीत त्याहून कमी. पहिली रात्र निभावते. दिवसभरात ट्रकनं खरंच चार्ज केलं नाही तर दुसरी निभावत नाही. "पहिल्या रात्री चालली, मग आजच काय झालं?" याचं उत्तर एवढंच आहे.

सकाळी तासभर गाडी चालवल्यावर फर्नेस पेटते ती वरवरच्या चार्जवर. मीटरही तेव्हा १२.६ दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. दोन तासांनी पुन्हा मोजा, आकडा उतरलेला दिसेल.

ट्रक बॅटरी चार्ज करतो, पण किती?

ट्रकच्या सात पिनांच्या प्लगमधून कॅम्परला चार्जिंगची एक वायर येते. इंजिन बंद असताना कॅम्परच्या बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग इंजिन सुरू करून मोजा. आकडा हललाच नाही तर वीज पोचतच नाही. काही पिकअपमध्ये या वायरचा फ्यूज किंवा रिले कारखान्यातून बसवून येत नाही, मालकानं बसवायचा असतो, आणि जुन्या ट्रकच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला ते कुणी सांगितलेलं नसतं. प्लगच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर तो घासून काढा. निगेटिव्हची पिन विशेष नीट बघा.

आकडा हलला, पण १३.२ वर अडकला, तर दोष वायरच्या जाडीत आहे. हिशेब सोपा आहे. इंजिनपासून कॅम्परपर्यंत २५ फूट आणि परत २५, म्हणजे ५० फूट तांब्याची वायर. १२ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) असेल तर तिचा रोध साधारण ०.०८ ओम. १० अँपिअर वाहायला लागले की ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या अल्टरनेटरनं १४ दिले, बॅटरीला १३.२ मिळाले. लेड-ॲसिड पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी गंजलेल्या अर्ध्या इंची पाइपातून नळाला करंगळीएवढीच धार येते, तसं हे आहे. नव्या ट्रकमध्ये तर अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला स्वतःच व्होल्ट खाली आणतो, मग तेवढंही मिळत नाही.

खरा चोर: १२ व्होल्टवर लावलेला फ्रिज

गॅस, भिंतीतली वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज तुमच्या कॅम्परमध्ये असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. १२ व्होल्टवर त्याचा तापक १२५ ते २०० वॅट खातो, म्हणजे १० ते १६ अँपिअर. बारीक वायरीतून ट्रक जेमतेम तेवढंच पाठवतो. पाच तास गाडी चालवून तुम्ही मुक्कामाला पोचता तेव्हा बॅटरी निघाली होती तशीच किंवा त्याहून रिकामी असते. मुक्कामावर फ्रिज गॅसवर घ्यायचा राहिला तर दोन-तीन तासांत खेळ संपला.

माझा सल्ला: निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर फ्रिज गार करा, आतलं सामानही आधीच गार करून ठेवा, आणि प्रवासात तो सरळ बंद ठेवा. दरवाजा सारखा उघडला नाही तर दही, दूध, भाज्या चार-पाच तास टिकतात. गाडी चालू असताना गॅसवर फ्रिज चालवणारे लोक आहेत. मी सिलिंडर बंद करूनच गाडी हलवावी या मताचा आहे, आणि इंधन भरताना तर ज्योत पेटलेली असताच कामा नये.

फ्रिजची सवय बदलून, जोडण्या घासून बऱ्याच जणांचा प्रश्न बिनखर्चात सुटतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पैसे कुठे घालायचे ते सांगतो. नव्या फर्नेसमध्ये नाही, दुसऱ्या बॅटरीतही आधी नाही, कारण भरलीच जात नसेल तर दोन उपाशी बॅटऱ्या होतील आणि ट्रकच्या वजनमर्यादेतले वीस-पंचवीस किलो वाया जातील. डीसी-डीसी चार्जर घ्या. तो कमी व्होल्ट घेऊन बॅटरीला हवे तेवढे वाढवून देतो. २० अँपिअरचा चार्जर आत २५च्या आसपास ओढतो, म्हणून त्याच्यासाठी सात पिनांच्या प्लगवर विसंबू नका. ६ गेजची जाड वेगळी जोडी टाका, ट्रकच्या आणि कॅम्परच्या अशा दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज लावा आणि मध्ये अँडरसन प्लगसारखी जड, सोडवता येणारी जोडणी ठेवा. फ्यूजशिवायची जाड वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर ट्रक पेटतो, इथे काटकसर नको. कॅम्पर उतरवून ट्रक बाहेर काढण्याआधी ही जोडणी आणि प्लग दोन्ही सोडवायचे, याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवून ठेवा.

छतावरचं सोलर पॅनल चांगलं, पण फर्नेसची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते सर्वांत कमी देतं. डिसेंबरात आडव्या पॅनलकडून उन्हाळ्याच्या निम्म्याचीही अपेक्षा ठेवू नका. लिथियम बॅटरी हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. जुन्या कॅम्परांत बॅटरीचा कप्पा बाहेरच्या हवेला उघडा असतो. लेड-ॲसिडमधून हायड्रोजन सुटतो म्हणून तो तसा असावाच लागतो. लिथियम मात्र आत, उबेत ठेवा किंवा स्वतः तापणारी घ्या. उतरलेल्या लेड-ॲसिडची उलटी भीती: पूर्ण रिकामी झाली की उणे ७ अंशांच्या आसपासच ती गोठू शकते. फुगलेली, गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, फुटते.

गॅसची बाजू

वीज ठीक निघाली तरच इकडे या. अमेरिकेत सिलिंडरमध्ये जवळपास शुद्ध प्रोपेन असतो आणि तो उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, त्यामुळे "गॅस गोठला" हे कारण सहसा खरं नसतं. संपला असेल हे जास्त शक्य. २० पौंडांच्या सिलिंडरवर २०,००० बीटीयूची फर्नेस सलग जळली तर साधारण वीस तास चालते, आणि वर धरल्याप्रमाणे रात्री निम्मा वेळ जळली तर ते चारएक रात्रींत होतात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा. झटक्यात उघडला तर गळती समजून आतली सुरक्षा गॅस अडवते आणि ज्योत अशक्त राहते. रेग्युलेटरवर बर्फ धरला असेल तर तो झाकलेला हवा. गॅसचा दाब ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असावा लागतो, पण ते मॅनोमीटर या दाबमापकानं जाणकारानं मोजायचं काम आहे. गळती शोधायला साबणाचं पाणी, काडी कधीच नाही.

बाहेरची धुराची तोंडं बघा. मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना ही जागा फार आवडते, वर्षभर उभ्या कॅम्परमध्ये ती हमखास सापडतात. तोंडावर किड्यांसाठी जाळी लावायचा मोह होतो, पण फर्नेस बनवणारेच अशी जाळी नको म्हणतात, कारण ती चोंदली की ज्योत घुसमटते. त्यापेक्षा दर मोसमाला उघडून साफ करा. बर्फ पडला तर झोपण्याआधी ते तोंड मोकळं आहे हे बघा.

इतकं करूनही पहाटे फर्नेस थांबत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जाताना "रात्री बंद पडते" एवढंच सांगू नका. पंखा चालू असतानाचे बॅटरीवरचे आणि फर्नेसवरचे व्होल्ट, पहाटेचं शांत बॅटरीचं वाचन, आणि ठिणगीचा आवाज आला की नाही, हे लिहून द्या. कॅम्पर भिंतीतल्या विजेवर न जोडता, त्याच्याच बॅटरीवर फर्नेस चालवून तपासायला सांगा.